अंगठा बदलता येत नाही

आधार क्रमांक कोणाच्या हाती लागला की खातं रिकामं झालंच, अशी धास्ती अनेकांना असते. बोटाचा ठसा म्हणजे मात्र सगळ्यात भक्कम कुलूप, असा भरवसाही बहुधा त्याच माणसांना असतो. दोन्ही समजुती एकाच घोटाळ्यातून निघतात. ओळख सांगणं आणि ओळख पटवणं ही दोन वेगळी कामं आपण एकच धरून चालतो. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातले पहिले आधार क्रमांक वाटले गेले. ते बारा आकडे माणसाचा नुसता निर्देश करतात, सातबाऱ्यावरच्या गट नंबरासारखे. गट नंबर पाठ आहे म्हणून कोणी जमिनीचा मालक होत नाही.

मग क्रमांक खुशाल चव्हाट्यावर मांडावा का? दूरसंचार नियामक ‘ट्राय’चे तेव्हाचे अध्यक्ष आर. एस. शर्मा यांनी जुलै २०१८ मध्ये तेच केलं. स्वतःचा क्रमांक ट्विटरवर टाकला आणि नुकसान करून दाखवा म्हणाले. त्यांचं खातं कोणी लुटलं नाही, उलट काहींनी त्यात एक-एक रुपया भरला. पण त्यांचा मोबाइल नंबर, पत्ता, जन्मतारीख असे तपशील लोकांनी भराभर गोळा करून मांडले. ही माहिती आधीच ठिकठिकाणी उघड होती, आमच्याकडून काही फुटलं नाही, असा खुलासा आधार प्राधिकरणाने केला. तो खरा मानला तरी खासगीपणाचा प्रश्न सुटत नाही, कारण विखुरलेले तपशील एका माणसाच्या नावावर ओवले गेले की खासगीपणा संपतो. एकच कायमचा क्रमांक सगळीकडे दिला तर ओवायला दोराही तयार मिळतो. म्हणून तर प्राधिकरणाने त्याच वर्षी, हवा तेव्हा बदलता येणारा सोळा आकडी आभासी क्रमांक आणला.

ठशाची गोष्ट याहून वाईट आहे. पासवर्ड दोन कारणांनी कामाचा असतो: तो गुप्त ठेवता येतो आणि फुटला तर बदलता येतो. बोटाच्या ठशात यातला एकही गुण नाही. खरेदीखतावर तो उमटतो, चहाच्या पेल्यावरही उमटतो. तेलंगणात २०१८ मध्ये सिमकार्डं विकणाऱ्या एकाने जमीन नोंदणीच्या दस्तांवरून रबरी ठसे बनवले होते. आधारवर चालणाऱ्या बँक व्यवहारात क्रमांक, बँकेचं नाव आणि ठसा एवढ्यावर पैसे निघत, आणि एकाच दस्तावर क्रमांक व ठसा दोन्ही असले तर चोराचं काम अर्धं झालेलंच असे.

पडताळणीत प्राधिकरण बहुतेकदा फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगतं, मग खासगीपणाला धक्का कसला, हा आक्षेप वजनदार आहे. पण कोणत्या संस्थेने आणि कधी विचारलं, याची नोंद मागे राहते. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या निकालात या नोंदी पाच वर्षं जपण्याची मुदत सहा महिन्यांवर आणली ती उगीच नाही. खरं तर पुष्कळ ठिकाणी नाव विचारण्याचीही गरज नसते. थिएटरचा दरवान तिकीट बघतो, आडनाव विचारत नाही.

ठशाला कुलूप लावायची सोय आहे. ते लावलं की ठशावर व्यवहार होत नाही. पण ज्या म्हातारीला पेन्शनसाठी दर महिन्याला यंत्रावर अंगठा टेकवावा लागतो, तिला ते कुलूप उघडायला आधारशी जोडलेला मोबाइल लागतो.