काच, चौक आणि तारपा

कल्याणहून कर्जतकडे जाणारा लोहमार्ग विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी गावे मागे टाकीत डोंगराच्या दिशेने वळतो, तेव्हा एकाच मुलखातील किती निरनिराळे काळ आपण तासाभरात ओलांडतो याची कल्पना रोजच्या प्रवाशाला सहसा येत नाही. लष्करी छावणीच्या बराकीत सिंधहून आलेल्या निर्वासितांनी उभारलेले उल्हासनगर, शके ९८२ चा शिलालेख मिरविणारे अंबरनाथचे शिवालय, आणि बदलापूरच्या पलीकडे डोंगराच्या कुशीत वसलेल्या ठाकर व कातकरी वाड्या, ही सारी एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. या पट्ट्यातील नागरिकाला आदिवासी कला माहीत नाही असे मुळीच नाही. पडद्यांवर, पिशव्यांवर, चहाच्या पेल्यांवर, शाळेच्या भिंतीवर आणि लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यात पांढऱ्या रेषांची ती नाचणारी माणसे तो नित्य पाहतो. परंतु ज्या वाद्यावर ती नाचत आहेत त्याचा स्वर त्याने बहुधा कधी ऐकलेला नसतो. चित्र आपल्या घरी आले, गाणे पाड्यावरच राहिले. ही ताटातूट मला मोठी हानी वाटते, आणि म्हणून या आढाव्यात चित्र व नाद यांची जोडी जेथे जेथे शाबूत आहे किंवा नव्याने जुळविली जात आहे, तेथे जाऊन यावयाचे आहे.

आरंभ दूरच्या देशापासून करतो. अमेरिकेच्या सिअॅटल शहरी प्रेस्टन सिंगलटरी हे ट्लिंगिट या आदिवासी समाजाचे काचकलावंत काम करतात. काच फुंकण्याची विद्या युरोपीय परंपरेची. सिंगलटरींनी ती आत्मसात केली आणि फुंकलेल्या काचेवर वाळूच्या माऱ्याने आपल्या पूर्वजांच्या काष्ठशिल्पातील वळणदार आकृत्या कोरल्या. हे गृहस्थ स्वतः संगीतकारही आहेत. विख्यात वादक बर्नी वॉरेल यांच्यासह त्यांनी एक वाद्यवृंद उभा केला आणि ट्लिंगिट गाणी व कथन यांची आधुनिक तालवाद्यांशी सांगड घातली. डोंबकावळ्याने पेटीत कोंडलेला उजेड पळवून जगाला दिला, ही त्यांच्या समाजाची पुराणकथा. २०१८ मध्ये टॅकोमाच्या काचसंग्रहालयात तिच्यावर त्यांनी जे प्रदर्शन मांडले, त्यात काचेच्या मूर्तींच्या बरोबरीने ध्वनी आणि प्रकाश यांचीही योजना होती. काच परकी, कारागिरी परकी, आणि तरीही कथा परकी झाली नाही. कारण कथेबरोबर तिचा आवाज ठेवण्याचा आग्रह कलावंताने सोडला नाही.

आपल्याकडे हा आग्रह धरण्याची गरजच पूर्वी नव्हती. डहाणू, तलासरी, जव्हार या तालुक्यांतील वारल्यांच्या घरी लग्न निघाले की भिंत शेणाने सारवून गेरूने रंगवितात, तांदळाचे पीठ पाण्यात कालवितात, बांबूच्या काडीचे टोक चावून तिची लेखणी करतात आणि सवाशिणी देवचौक लिहावयास बसतात. चौकाच्या मध्यभागी पालघट देवी प्रकट व्हावयाची असते. चौक लिहिला जात असता गाणी चालू असतात, आणि लग्न लावण्याचा अधिकारही जिच्याकडे असतो ती धवलेरी गाऊनच ते लावते. रेघ आणि ओळ एकाच विधीत उमटतात. तेथे चित्रकार कोण आणि गायिका कोण हा तपशील विचारणे व्यर्थ होय. गाण्यावाचून लिहिलेला चौक हा नुसता रंगविलेला चौकोन, त्यात देवी कोठून येणार?

पुढे काय घडले ते सर्वविदित आहे, पण त्याची एक बाजू क्वचितच सांगितली जाते. पुपुल जयकर यांच्या प्रेरणेने हस्तकलांचा शोध घेत हिंडणारे चित्रकार भास्कर कुलकर्णी १९७० च्या दशकाच्या आरंभी वारल्यांच्या पाड्यांवर पोहोचले आणि त्यांनी कागद व रंग पुढे केले. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांची असामान्य प्रतिभा जगापुढे आली. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड दालनात त्यांची चित्रे मांडली गेली, २००३ मध्ये जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे इंग्रज कलावंत रिचर्ड लाँग यांच्यासमवेत त्यांचे प्रदर्शन भरले, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. म्हसे यांच्याविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे. त्यांच्या कागदावरील माशांचे जाळे किंवा मुंग्यांची रांग पाहताना रेषेला श्वास असतो याची खात्री पटते. परंतु या प्रवासात भिंतीचा कागद झाला, विधीचा विक्रय झाला, आणि सवाशिणींच्या हातची लेखणी बहुतांशी पुरुषांच्या हाती गेली. चित्राला मोबदला ठरला. त्या चित्राला प्राण देणाऱ्या गाण्याला कोणत्याही दफ्तरात किंमत लागली नाही.

तारप्याची कथा याहून थोडी सुदैवी आहे. भात पिकू लागले की पाड्यावर तारपा बाहेर निघतो. वाळलेल्या दुध्याचा पोकळ भोपळा, त्यात बसविलेल्या बांबूच्या दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा लांबलचक कर्णा, आणि सांधे बुजवावयास मधमाश्यांचे मेण, असा हा सारा रानचा ऐवज. वादक फुंक खंडित होऊ देत नाही. गालात हवा साठवून नाकाने श्वास घेत तो तासन् तास वाजवितो, आणि त्याच्याभोवती हातात हात गुंफलेली माणसांची साखळी वळत राहते. वादकाकडे पाठ करावयाची नाही हा तेथला दंडक आहे. वारली चित्रातील ती सुप्रसिद्ध नागमोडी फिरकी ही कल्पनेची करामत नसून या नाचाचा वरून पाहिलेला नकाशा आहे. जव्हार तालुक्यातील वाळवंडे गावचे भिकल्या लाडक्या धिंडा स्वतः तारपे घडवितात आणि वयाची नव्वदी ओलांडूनही वाजवितात. २०२६ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. चित्रकाराला मिळालेला मान वादकाला मिळावयास पंधरा वर्षे लागली.

चित्र आणि नाद यांचा संसार सर्वांत नेटका पाहावयाचा असेल, तर मात्र दक्षिणेस सिंधुदुर्गात, कुडाळनजीकच्या पिंगुळीस जावे लागेल. तेथील ठाकर समाजाने चित्रकथी जतन केली. रामायण-महाभारतातील आख्यानाची चित्रे कागदावर काढून त्यांची पोथी करतात. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटविलेली असतात, म्हणजे पान उलटताच पुढचा प्रसंग समोर येतो. वीणा, टाळ आणि हुडूक यांच्या साथीने कथेकरी गातो आणि एकेक चित्र श्रोत्यांपुढे धरतो. सावंतवाडी संस्थानचा आश्रय या कलेला होता. संस्थान गेले, आश्रय गेला, पुष्कळ पोथ्या वाळवीच्या व दलालांच्या स्वाधीन झाल्या. परशुराम विश्राम गंगावणे यांनी २००६ मध्ये आपल्या गुरांच्या गोठ्याचे संग्रहालय केले, चित्रकथीबरोबर कळसूत्री व चामड्याच्या बाहुल्यांचे खेळ चालू ठेवले आणि मुलांनाही त्यात तयार केले. २०२१ ची पद्मश्री त्यांना मिळाली. काचेच्या कपाटातील चित्रकथी आणि पिंगुळीत हुडुकाच्या ठेक्यावर उलटणारे तेच पान यांत जो फरक आहे, तो पाहिल्याशिवाय कळावयाचा नाही.

आता परत आपल्या उंबरठ्याशी येतो. सह्याद्रीच्या पट्ट्यातील आदिवासी कथेकऱ्यांचे थाळीवाद्य मला सर्व वाद्यांत विलक्षण वाटते. काशाच्या थाळीच्या मध्यभागी मेणाने एक काडी उभी चिकटवितात आणि दोन्ही हातांच्या चिमटीने ती वरून खाली ओढतात. थाळी घुमू लागते आणि त्या अखंड घुमाऱ्यावर देवादिकांच्या उत्पत्तीच्या दीर्घ कथा गाइल्या जातात. ओल्या बोटाने काचेच्या पेल्याची कड घासली असता जो नाद उठतो, त्याचे शास्त्र हेच. काचही वाड्यांवर नवी नाही; ठाकर स्त्रियांच्या गळाभर काचमण्यांच्या माळा असतात आणि त्यांची रंगसंगती योजण्यात त्यांची दृष्टी पक्की असते.

तेव्हा नव्या सहयोगाची सामग्री आमच्या पंचक्रोशीतच हजर आहे. उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूर येथे भरणाऱ्या प्रत्येक कलामहोत्सवात वारली चित्रांची दुकाने मांडली जातात. त्या दुकानाशेजारी धवलेरीला, तारपकऱ्याला आणि थाळीवर गाणाऱ्या कथेकऱ्याला सन्मानाने बसवावे, चित्र लिहिले जात असता त्यांनी गावे, आणि त्यांची बिदागी चित्राच्या किमतीतून उरलेली नव्हे, तर आगाऊ ठरवून नावासह पत्रिकेत छापलेली असावी. पालिकांना यासाठी नवा कायदा नको, खास मंजुरीही नको. महोत्सवाच्या अंदाजपत्रकात एक रकाना वाढविला की पुरे.