वर्ड की लिब्रेऑफिस?

वर्धा जिल्ह्यातील आष्टीसारख्या तालुक्याच्या गावी मराठी अर्ज टंकताना मायक्रोसॉफ्ट वर्ड घ्यावे की विनामूल्य लिब्रेऑफिस, यापेक्षा अक्षरे कोणत्या संकेतप्रणालीत साठतात हा प्रश्न अधिक कळीचा ठरतो. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षरचिन्हाला स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या जागतिक मानकात, ‘आष्टी’ हा शब्द आ, ष, हलन्तचिन्ह, ट आणि दीर्घ वेलांटी अशा 5 संकेतांनी साठतो व जोडाक्षर फाँट घडवतो; याउलट कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये पडद्यावर ‘क’ दिसला, तरी फाइलमध्ये रोमन ‘डी’च असतो, त्यामुळे तो फाँट नसलेल्या संगणकावर मजकुराचा निव्वळ विचका होतो. युनिकोड दोन्ही प्रोग्राम हाताळतात. एकाची फाइल दुसऱ्यात उघडल्यास क्वचित तक्ते आणि समास तेवढे सरकतात. साध्या अर्जाला लिब्रेऑफिस पुरेसे आहे.