‘काम लावून देतो’ म्हणणारा माणूस

आमच्या बोरिवलीच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर दोन-चार महिन्यांनी एक संदेश फिरून येतो. मुलं पळवणारी टोळी उपनगरात शिरली आहे, पांढरी व्हॅन आहे, बायका भिकारणींच्या वेषात येतात, गुंगीचं औषध देतात, किडन्या काढतात. कधी ठिकाण मुलुंड असतं, कधी घाटकोपर. मजकूर शब्दशः तोच. हे खोटं आहे असं मी दर वेळी लिहिते आणि दर वेळी उत्तर येतं, “अहो ताई, काळजी घेतली तर बिघडलं कुठे?”

फार बिघडतं. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याच्या बाजारात भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. 16 एप्रिल 2020 च्या रात्री पालघरच्या गडचिंचले गावात दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक मारले गेले. ते आपल्या कांदिवलीहूनच सुरतेला निघाले होते. त्या भागात चोर आणि मुलं पळवणारे फिरत असल्याची अफवा होती. सप्टेंबर 2022 मध्ये जत तालुक्यात चार साधूंना याच संशयावरून मार बसला. राईनपाड्यात आणि गडचिंचल्यात मिळून आठ माणसं गेली, आणि त्यांतला एकही मुलं पळवणारा नव्हता.

मग पुढचा प्रश्न ठरलेला: “वर्तमानपत्रात अपहरणाचे एवढे आकडे येतात, ते खोटे का?” आकडे खरे आहेत, पण त्यांचा अर्थ वेगळा आहे. ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2013 च्या मे महिन्यात आदेश दिला की हरवलेल्या मुलाची तक्रार नुसती नोंदवून ठेवायची नाही, अपहरण किंवा तस्करी झाली असावी असं धरून गुन्हा दाखल करायचा. आदेश उत्तमच आहे, त्यामुळे तपास लगेच सुरू होतो. पण परीक्षेत कमी गुण पडले म्हणून घर सोडलेला मुलगा, प्रेमात पडून निघून गेलेली सतरा वर्षांची मुलगी, स्टेशनच्या गर्दीत हात सुटलेलं पोर, हे सगळे त्यामुळे ‘अपहरण’ या एकाच रकान्यात येतात. त्यातली बहुतेक मुलं सापडतात. तो आकडा टोळ्यांचा नाही.

अंधेरीचं प्रकरण मला इथे सांगायलाच हवं, कारण त्यात मूल खरोखरच अनोळखी माणसांनी नेलं होतं. असं क्वचित घडतं, पण घडतं. 22 जानेवारी 2013 रोजी सात वर्षांची एक मुलगी भावाबरोबर शाळेला निघाली आणि परतली नाही. डी. एन. नगर पोलीस ठाण्याचे सहायक उपनिरीक्षक राजेंद्र भोसले यांच्याकडे 2008 ते 2015 या काळात हरवलेल्या 166 मुलींची प्रकरणं होती. 165 मुली सापडल्या. राहिली ती हीच. भोसले निवृत्त झाले तरी तिचा फोटो जवळ ठेवून शोधत राहिले. ती 4 ऑगस्ट 2022 रोजी सापडली, नऊ वर्षांनी.

कुठे होती ती? पोलिसांनी सांगितलं त्याप्रमाणे, मूल नसलेल्या एका जोडप्याने तिला आइस्क्रीमचं आमिष दाखवून नेलं आणि काही काळ कर्नाटकात वसतिगृहात ठेवलं. पुढे त्यांना स्वतःचं मूल झालं आणि ही घरकामाची पोर झाली. शेवटी शेवटी ते कुटुंब तिच्या आईच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, गिल्बर्ट हिलच्या वस्तीत राहत होतं. जुहूत ती दुसऱ्यांची बाळं सांभाळायला जात होती. म्हणजे ती शेजाऱ्यांना दिसत होती, जिथे काम करायची तिथल्या लोकांना रोज दिसत होती. तिथे काम करणाऱ्या एका बाईला तिची हकिगत कळली, तेव्हा ‘हरवली आहे’ असं जुनं पोस्टर इंटरनेटवर शोधलं गेलं. पोस्टरवर पाच फोन नंबर होते. चार बंद पडले होते. पाचवा एका शेजाऱ्याचा होता, तो लागला.

पांढऱ्या व्हॅनकडे पाहत बसलेल्या आपल्यापैकी कुणालाही ती सापडली नसती.

कायदा या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणा आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम 143 (पूर्वीचं भारतीय दंड विधानाचं 370) तस्करीचे सहा मार्ग सांगतं: धमकी, बळजबरी, अपहरण, फसवणूक, अधिकाराचा गैरवापर आणि आमिष. सहांपैकी अपहरण फक्त एक. ‘आमिष’ या शेवटच्या मार्गात तर स्पष्ट लिहिलंय की ज्याच्या ताब्यात ती व्यक्ती आहे त्याची संमती मिळवायला पैसे देणं-घेणं हेही त्यात येतं.

हे वाक्य कुणासाठी लिहिलंय ते कसारा घाट चढलात की कळतं. सप्टेंबर 2022 मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या उभाडे गावची दहा वर्षांची कातकरी मुलगी दगावली, आणि मग बाहेर आलं की तिथली मुलं मेंढ्या राखायला नगर जिल्ह्यातल्या मेंढपाळांकडे दिली जात होती, काही हजार रुपये आणि एखाद्या मेंढीच्या बदल्यात. श्रमजीवी संघटनेने तो विषय लावून धरला. कुणी पोरं पळवली नव्हती. ओळखीचा माणूस दारात आला होता, “पोराला काम लावून देतो, जेवेलखाईल” म्हणाला होता. आधी घेतलेली उचल फिटत नाही, वीटभट्टीचं काम पावसाळ्यात बंद, घरात दाणा नाही. अशा घरात या वाक्याला नाही म्हणायची ताकद कुठून यावी? वेठबिगारी 1976 च्या कायद्याने बंद झाली, उचल मात्र चालूच आहे. जगभरातही चित्र फार वेगळं नाही: आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेने 2017 मध्ये मांडलेल्या माहितीनुसार बालतस्करीच्या जवळपास निम्म्या प्रकरणांत घरचं किंवा नात्यातलं माणूसच गुंतलेलं होतं.

ग्रुपवरचे बाकीचे समज थोडक्यात.

“तस्करी म्हणजे देहविक्रय.” आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2022 च्या अंदाजानुसार जगात 2 कोटी 76 लाख माणसं सक्तीच्या मजुरीत आहेत, त्यात लैंगिक शोषणातली 63 लाख. उरलेली शेतात, कारखान्यात, बांधकामावर, बोटींवर आणि घरांत राबतात.

“ती स्वतःच्या पायांनी गेली होती.” कलम 143 म्हणतं, पीडिताची संमती गैरलागू.

“शिकलेली पोरं अडकत नाहीत.” 2024 मध्ये विलेपार्ले पोलीस ठाण्यात नोंदवलेला गुन्हा पाहा. चांगल्या पगाराच्या नोकरीच्या आशेने विमानाने लाओसला गेलेल्या तरुणांना तिथे ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपलं होतं. पुढे तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला.

“मुलांच्या किडन्या काढतात.” रस्त्यावरून उचललेल्या मुलाचा अवयव व्हॅनमध्ये काढून दुसऱ्याला बसवता येत नाही, त्याला रक्तगट जुळावा लागतो, शस्त्रक्रियागृह लागतं, सर्जन लागतात. अवयवांचा धंदा होतो तो कागदोपत्री. 2016 मध्ये पवईतल्या एका रुग्णालयात उघडकीला आलेल्या प्रकरणात किडनी देणाऱ्या बाईला रुग्णाची पत्नी दाखवलं होतं.

शेवटचा समज मात्र मला गप्प बसू देत नाही. गेल्या दिवाळीनंतर याच ग्रुपवर एकीने विचारलं, “गावाकडची लहान मुलगी मिळेल का, बाळाबरोबर खेळायला? आपल्याकडेच राहील, जेवणखाण, कपडे सगळं देऊ.” तीन जणींनी लगेच ओळखीच्या एजंटचे नंबर पाठवले. त्या बाई वाईट नाहीत. पोरीचं भलंच होईल असं त्यांना मनापासून वाटत होतं. पण चौदा वर्षांखालच्या मुलाला घरकामाला ठेवायला 10 ऑक्टोबर 2006 पासून बंदी आहे, आणि एजंटने पोरीच्या बापाला किती दिले, तिचा पगार कुणाच्या हातात जातो, तिला परत जावंसं वाटलं तर तिकीट कोण काढणार, यातलं काहीच त्या घराला कळत नाही. मी ग्रुपवर एवढंच विचारलं: वय किती? उत्तर आलं नाही. मग मी त्यांच्या दारात गेले आणि तासभर बोलले. बाळाला सांभाळायला आता दहिसरच्या एक काकू येतात, सकाळी नऊ ते सहा.

अशी एखादी पोर कुणाच्या घरात दिसली तर 1098 वर फोन लावा. चोवीस तास चालतो. पुरावा तुम्ही द्यायचा नसतो. इमारत, मजला आणि मूल किती वाजता दिसतं, एवढं सांगितलं तरी पुरतं.