बाटलीतला लिंबूरस: कुठे चालतो आणि कुठे नाही?

मे महिन्यात भिलाईत लग्न असेल तर लॉनवर पाऊल ठेवताच हातात काय येतं? गार लिंबू सरबत. इकडे सगळे त्याला निंबूपानीच म्हणतात. मागच्या उन्हाळ्यात अशाच एका लग्नात माझ्या आत्याने दोन ग्लास सरबत घेतलं आणि थोड्या वेळात तिची छाती भरून आली. आत्याला दमा आहे. इनहेलर घेतल्यावर तिला बरं वाटलं. हे सरबतामुळेच झालं असं मी ठामपणे म्हणणार नाही, धूळही भरपूर होती. पण सरबत वाटणाऱ्याला विचारलं तर तो सहज म्हणाला, पाचशे लोकांची लिंबं कोण पिळत बसणार दीदी, बाटलीचा रस आहे.

खरं सांगायचं तर त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. कागदी लिंबं पावसाळ्यात ढिगाने येतात आणि स्वस्त मिळतात. एप्रिल-मेमध्ये मागणी वाढते, तेव्हा नेमकं झाडावर फळ कमी असतं. एप्रिल २०२२ मध्ये कितीतरी शहरांत लिंबू ३०० रुपये किलोच्या वर गेलं होतं, आठवतंय ना? म्हणून स्वस्ताईत काढलेला रस बाटल्या-कॅनमध्ये टिकवून वर्षभर वापरला जातो.

आणि प्रश्न फक्त पैशांचा नाही. लिंबाच्या रसात साधारण ५ ते ६ टक्के सायट्रिक ॲसिड असतं, पण एक लिंबू दुसऱ्यासारखं कधीच नसतं. घरी आपण चाखून बघतो आणि अजून अर्धं पिळतो. लोणच्याच्या कारखान्यात किंवा रोज शंभर लिटर दूध फाडून पनीर करणाऱ्या किचनमध्ये हे कसं जमणार? तिथे ठरलेल्या आंबटपणाचा रस मापाने ओतता येतो, आणि प्रत्येक घाण्याची चव सारखी राहते.

रस टिकतो कसा?

लिंबाचा रस इतका आंबट असतो की बहुतेक घातक जिवाणू त्यात वाढत नाहीत. बुरशी आणि यीस्ट मात्र आंबटालाही दाद देत नाहीत. म्हणून रस गरम करून भरतात आणि त्यात प्रिझर्व्हेटिव्ह घालतात. पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, म्हणजे लेबलवरचं २२४, किंवा सोडियम बेंझोएट, म्हणजे २११. २२४ मधून सल्फर डायऑक्साइड सुटतो. तो बुरशी रोखतो आणि रस काळपटही पडू देत नाही. पण दम्याच्या काही रुग्णांना हाच वायू त्रास देतो. म्हणूनच किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा जास्त सल्फाइट असेल तर ते लेबलवर लिहिणं आपल्याकडे बंधनकारक आहे. बुफेतल्या सरबताच्या जारवर मात्र लेबल नसतं!

नुकतीच उघडलेली बाटली हुंगून बघा, कधी कधी पेटवलेल्या काडीसारखा वास येतो. उकळत्या वरणात किंवा ग्रेव्हीत यातला बराच वायू उडून जातो. थंड सरबतात तो तसाच राहतो. त्यात लिंबाचा ताजा वास सालीतल्या तेलातून येतो आणि तो बाटलीत फार दिवस टिकत नाही. म्हणून चांगले स्वयंपाकी मॅरिनेशन, ग्रेव्ही, पनीर यासाठी बाटली घेतात, आणि सरबत, कोशिंबीर, पोह्यांवर ताजं लिंबूच पिळतात. मला ही वाटणी पटते. पोह्यांवर बाटलीतला रस म्हणजे पोह्यांचा अपमानच!

नागपुरी संत्र्याची अडचण

मग संत्र्याचं काय? नागपूर आपल्यापासून सुमारे २६० किलोमीटर, हंगामात भिलाईत संत्र्यांची कमी नसते. तरी ‘शंभर टक्के नागपुरी संत्रा रस’ लिहिलेला डबा सहसा का दिसत नाही? घरीच करून बघा. संत्र्याचा रस काढून काही तास ठेवा, हळूहळू कडू लागेल. फळात एक बेचव पदार्थ असतो. रस काढल्यावर आंबटपणामुळे त्याचं लिमोनिन बनतं आणि ते कडू असतं. उष्णता दिली की हे आणखी लवकर होतं, आणि टिकवायचं तर उष्णता द्यावीच लागते. बिया किंवा पांढरा गर चिरडला तर विचारूच नका. म्हणून नागपुरी संत्रं मुख्यतः सोलून खाल्लं जातं.

स्क्वॉशमध्ये साखर हा कडवटपणा झाकते. नागपूरच्या ‘नोगा’ची स्क्वॉशची बाटली अनेक मराठी घरांत पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली असायची. हे नाव नागपूर ऑरेंज ग्रोअर्स असोसिएशन या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांचं. फक्त एक लक्षात ठेवा, नियमाप्रमाणे स्क्वॉशमध्ये किमान २५ टक्के फळांचा रस पुरतो. बाकी मुख्यतः साखर आणि पाणी. त्याला ज्यूस समजून मुलांना रोज देऊ नका.

घरासाठी सोपा उपाय हवाय? पावसाळ्यात दोन-तीन किलो लिंबं घ्या आणि हलक्या हाताने पिळा, साल फार दाबू नका. बिया लगेच गाळून रस बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. ॲल्युमिनियम किंवा पितळेचं भांडं नको, स्टील नाहीतर काच. गोठलेले तुकडे झिपच्या पिशवीत भरले की उन्हाळ्यात एका ग्लासाला एक तुकडा.

यंदा आमच्याच घरी लग्न होतं. आम्ही केटररला एवढंच सांगितलं की भाजीत तुमची बाटली चालेल, सरबताला ताजी लिंबं हवीत. त्याने थोडे पैसे वाढवून मागितले. आम्ही दिले. आत्याने तीन ग्लास घेतले.