जॉर्डनच्या शिलाई-ओळीत

अमेरिकी दुकानांतल्या कपड्यांवर कधीकधी ‘मेड इन जॉर्डन’ दिसतं. ते शिवणारे हात मात्र बहुतेक बांगलादेशी, श्रीलंकन, नेपाळी, भारतीय बायकांचे. २००१मध्ये अमेरिकेशी मुक्त व्यापार करार लागू झाला आणि इर्बिद, सहाब इथल्या औद्योगिक वसाहतींत तयार कपड्यांचे कारखाने वाढले. कारागीर बाहेरून आणले गेले.

गावाकडे ब्लाउज बेतण्यापासून काजं-बटणांपर्यंत सगळं एकटीनं करणारीला तिथलं काम चमत्कारिक वाटेल. एक बाई दिवसभर फक्त मुंढा जोडते, दुसरी फक्त खालची पट्टी दुमडते. कापड पुढे सरकत राहतं. तासाला किती नग, याचं टार्गेट ठरलेलं. इथं कसब म्हणजे वेग. ओव्हरलॉक, फ्लॅटलॉक ही यंत्रं चालवता येत असतील तर उत्तमच.

राहणं-जेवण कंपनीचं, पण त्याची किंमत मजुरीत धरलेली असते. म्हणून करारात रोख हातात किती पडणार, ते आधी पाहावं. ओव्हरटाइमशिवाय घरी फारसं पाठवता येत नाही, हेही खरं. कामाचा परवाना मालकाशी बांधलेला असल्यामुळे नोकरी बदलणं अवघड.

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर सहसा ‘ईसीआर’ (परदेशगमन-तपासणी आवश्यक) असा शेरा असतो. अशांना जॉर्डनला कामासाठी जाताना सरकारी मंजुरी लागते. एजंट नोंदणीकृत आहे का, हे ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येतं. टुरिस्ट व्हिसावर ‘आधी चला, मग बघू’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावं. आणि पासपोर्ट? तो स्वतःजवळच.