सिम काढलं त काय काय जाईन?

सोयाबीन बाजार समितीत गेलं की वाशिमच्या मोबाइल दुकानांची सुगी सुरू होते. हातात थोडा पैसा खेळत असतो, काच तडकलेला जुना फोन कंटाळा आणत असतो. पाटणी चौकाजवळच्या एका दुकानात माझं बसणं-उठणं आहे. परवा तिथे मालेगाव तालुक्यातले एक काका आले. फोन पसंत केला, दोनदा मोजून पैसे दिले. पण जुन्या फोनचं सिम काढायला दुकानातल्या पोरानं पिन उचलली, तसा त्यांनी फोन छातीशी धरला.

"थांब न बाप्पा! सिम काढलं त मायं व्हाट्सॲप जाईन न? अन् नातीचे फोटो?"

"काही नाही जात, काकाजी."

"तू म्हनतं नाही जात. गेले मंग?"

ही भीती अडाणीपणाची नाही. वीस वर्षांपूर्वीच्या बटणांच्या फोनमध्ये नावं आणि नंबर खरोखरच सिममध्ये साठवले जायचे. साधारण अडीचशे नंबर मावायचे, आणि सिम हरवलं की सोयरेधायरेही हरवायचे. माणसांनी तेव्हा शिकलेला धडा लक्षात ठेवला, पण दरम्यान फोन बदलला. आज फोटो आणि व्हिडिओ फोनच्या मेमरीत किंवा मेमरी कार्डात असतात, आणि नंबर बहुतेक वेळा गुगल खात्यात. सिम काढल्यानं ते जात नाहीत. पण सिमबरोबर नव्या फोनात आपोआप येतही नाहीत. हे दुसरं वाक्य दुकानदार सांगायला विसरतात. मग जुना फोन एक्स्चेंजमध्ये दिल्यावर, घरी जाऊन, नातीचे फोटो खरंच गेल्याचं कळतं. दोष सिमचा नसतो, फोटो आधी उतरवून न घेतल्याचा असतो.

मग त्या नखाएवढ्या तुकड्यात असतं तरी काय? रेशनकार्डात गहू नसतो, गहू दुकानात असतो. कार्ड फक्त सांगतं की हा माणूस यादीतला आहे. सिमचं तसंच आहे. त्यात ग्राहकाचा एक ओळख क्रमांक असतो आणि एक गुप्त किल्ली. टॉवरकडून दरवेळी एक वेगळाच आकडा येतो, सिम त्या किल्लीनं त्याचं उत्तर काढून पाठवतं, आणि तेच उत्तर कंपनीकडे निघालं की नेटवर्कच्या कांड्या उभ्या राहतात. किल्ली कार्डाबाहेर कधीच जात नाही. गंमत म्हणजे आपण ज्याला 'माझा नंबर' म्हणतो तो दहा आकडी नंबर या सगळ्यात कुठेच लागत नाही. अमुक कार्ड म्हणजे अमुक नंबर ही जोडी कंपनीच्या वहीत असते. म्हणूनच कार्ड हरवलं तरी नंबर हरवत नाही. नवं कार्ड देताना कंपनी वहीतली जोडी बदलते, आणि नवं सुरू झालं की जुनं कार्ड म्हणजे नुसतं प्लास्टिक.

पहिलं व्यापारी सिम १९९१ साली म्युनिकच्या एका कंपनीनं फिनलंडच्या रेडिओलिंजा या मोबाइल कंपनीसाठी बनवलं. ते एटीएम कार्डाएवढं होतं. आजचं नॅनो सिम १२.३ बाय ८.८ मिलिमीटर. कापत कापत इथवर आलो, पण चिपचं काम तेच राहिलं.

कापण्यावरून आठवलं. जुनं मोठं सिम कटरनं कापून नॅनोच्या ट्रेमध्ये बसवायची पद्धत अजून गेलेली नाही. लांबी-रुंदी जमते, जाडी जमत नाही. जुनं कार्ड पाऊण मिलिमीटरहून किंचित जाड, नॅनो ०.६७. हा केसभराचा फरक ट्रे अडकवायला पुरतो, आणि अडकलेला ट्रे ओढून काढताना आतल्या बारीक पट्ट्या वाकतात. शिवाय २जीच्या काळातलं कार्ड कितीही छान कापलं तरी त्यावर ४जी लागत नाही, कारण ४जीचं नेटवर्क त्या जुन्या पद्धतीच्या कार्डाची ओळखच स्वीकारत नाही. बीएसएनएलनं ४जी आणताना ग्राहकांना सिम बदलून घ्यायला सांगितलं ते याचसाठी. कापण्यापेक्षा नवं कार्ड घ्यावं.

आता पिन. काकांची पुढची शंका अशी, की फोन चालू असताना सिम काढलं तर ते 'जळतं'. नाही जळत. आजचे बहुतेक फोन सिम निघाल्याचं ओळखतात, 'नो सिम' दाखवतात आणि आपलं काम चालू ठेवतात. काही जुने फोन स्वतःला बंद करून पुन्हा सुरू करतात, एवढंच. तरीही मी फोन बंद करूनच काढा म्हणेन. कारण सिम नव्हे, त्याच ट्रेमध्ये शेजारी बसलेलं मेमरी कार्ड. त्यावर काही लिहिलं जात असताना ट्रे बाहेर आला तर त्या फायली बिघडू शकतात.

खरा घोटाळा छिद्राचा. फोनच्या कडेला बारीक छिद्रं दोन-तीन असतात, आणि त्यातलं एकच ट्रेचं. दुसरं माईकचं. दोन वर्षांपूर्वी मी घरी, चष्मा न लावता, माईकच्या छिद्रात टाचणी घातली. ट्रे काही निघेना म्हणून आणखी जोर लावला. त्या दिवसापासून समोरच्याला माझा आवाज विहिरीतून आल्यासारखा यायला लागला. ट्रेचं छिद्र ओळखायची खूण सोपी आहे. फोनच्या कडेवर ट्रेच्या आकाराची एक बारीक रेघ दिसते, त्या रेघेच्या आत किंवा तिला लागून जे छिद्र तेच घ्यायचं. पिन सरळ आत जाऊ द्यायची, तिरकी नाही. आत एक छोटी तरफ असते, ती दाबली की ट्रे स्वतःच डोकं बाहेर काढतो. मग नखानं ओढायचा. फोनबरोबर आलेली पिन हरवली तर पेपर क्लिपचं टोक चालतं. शिवणाची सुई नको, ती तरफेवर न टेकता बाजूनं घसरते.

काकांच्या जुन्या फोनचा ट्रे निघेना. पोरानं फोन उजेडात धरला, तर छिद्रात पिवळट भुसा ठासून बसलेला. मळणीयंत्राजवळ उभं राहून फोनवर बोलणाऱ्या प्रत्येकाच्या फोनची हीच कथा, असं तो म्हणाला. त्यानं कोरड्या ब्रशनं भुसा काढला, फुंकर मात्र मारली नाही. फुंकरीतली वाफ आत जाते, हे त्याचं शास्त्र, आणि ते बरोबर आहे. बऱ्याच फोनच्या ट्रेला कडेनं रबराची बारीक कडी असते, पाणी आत जाऊ नये म्हणून. ट्रे वाकडा बसला किंवा दुसऱ्या फोनचा बसवला तर ती कडी असून नसल्यासारखी.

ट्रे बाहेर आला. काकांनी कार्ड चिमटीत धरून पाहिलं. "एवढंसंच हाये?"

एवढंसंच. पण 'सिम बदललं' हा आपला शब्दप्रयोग फार घात करतो. त्यात तीन वेगळ्या गोष्टी येतात. तेच कार्ड एका फोनातून दुसऱ्यात टाकलं, तरी सिम बदललं. खराब झालेल्या कार्डाच्या जागी त्याच नंबरचं नवं कार्ड घेतलं, तरी सिम बदललं. आणि कंपनीच बदलली, म्हणजे पोर्ट केलं, तरीही सिम बदललं. तिन्हींचे परिणाम वेगळे.

पहिल्यात कंपनीला काही कळवावं लागत नाही. व्हाट्सॲप नव्या फोनात नंबर तपासून पुन्हा सुरू होतं, जुन्या गप्पा मात्र बॅकअप असेल तरच येतात. जुन्या फोनमधलं व्हाट्सॲप सिम काढल्यावरही चालू राहतं, हे आजवर आपण सगळ्यांनी पाहिलंय. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार विभागानं अशा ॲप्सना चालू सिमशी बांधून घेण्याचे आदेश दिले आहेत, तेव्हा ही मोकळीक कायमची धरू नका. यूपीआयचं गणित आधीपासूनच कडक आहे. ते फोन आणि सिम या जोडीला ओळखतं, म्हणून नव्या फोनात पुन्हा नोंदणी करावीच लागते, आणि नोंदणीचा एसएमएस त्याच सिममधून जावा लागतो. दोन सिमच्या फोनात लोक इथेच चुकतात. बँकेचा नंबर एका सिमचा, एसएमएस जातो दुसऱ्या सिममधून, आणि शिव्या बँकेला.

दुसऱ्या प्रकारात, म्हणजे त्याच नंबरचं नवं कार्ड घेतलं की, पहिले २४ तास एसएमएस येत-जात नाहीत. ओटीपी येत नाही म्हणून दुकानदाराशी भांडणारे मी डोळ्यांनी पाहिलेत. ते कार्ड खराब नसतं. सरकारनं मुद्दाम घातलेला तो अडसर आहे, कारण ठगांचा रस्ता इथूनच जातो. कुणी तुमच्या नंबरचं दुसरं सिम काढलं तर तुमचं कार्ड त्या क्षणी मरतं आणि तुमचे ओटीपी त्याच्याकडे जाऊ लागतात. ते २४ तास तुम्हाला सावध व्हायला दिलेले आहेत. १ जुलै २०२४ पासून आणखी एक नियम आला. असं कार्ड बदलल्यावर सात दिवस पोर्टचा कोड मिळत नाही.

म्हणून शेजारच्याच्या फोनला पूर्ण रेंज आहे, आपला फोन मात्र तासन् तास 'नो सर्व्हिस' म्हणतोय, तर फोन आपटू नका. दुसऱ्या फोनवरून आधी कंपनीला विचारा, माझ्या नंबरचं नवं सिम किंवा ई-सिम निघालंय का. निघालं असेल तर लगेच बँक आणि १९३० ही सायबर हेल्पलाइन. ई-सिम म्हणजे कार्डच नाही, सगळं फोनच्या आतल्या चिपमध्ये. चोराला ते पिन घालून काढता येत नाही, हा त्याचा फायदा. पण 'तुमचं सिम ई-सिम करून देतो, आलेला कोड सांगा' असा फोन आला आणि कोड सांगितला, तर चोराला पिनचीही गरज उरत नाही.

तिसऱ्याचं, पोर्टचं, थोडक्यात. नंबर तोच राहतो, २० जानेवारी २०११ पासून देशभर ही सोय आहे. आणि पुण्याला कामाला गेलेल्या पोरांना 'तिकडचं सिम' घ्यायची गरज कधीच नव्हती. वाशिम आणि पुणे एकाच महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये आहेत. सर्कल वेगळं आहे ते मुंबईचं.

चोरीच्या फोनबद्दलचा समज उलटा आहे. चोरानं सिम फेकलं की फोन सापडत नाही, असं सर्रास म्हटलं जातं. पण फोनचा स्वतःचा १५ आकडी आयएमईआय क्रमांक असतो, *#०६# दाबलं की दिसतो, आणि तो सिमबरोबर जात नाही. पोलिसांत तक्रार देऊन संचार साथी पोर्टलवर तो ब्लॉक करता येतो. मग त्या फोनात कुठलंही सिम घातलं तरी त्याचा माग पोलिसांपर्यंत पोहोचतो. मात्र ब्लॉक करताना ओटीपी लागतो, म्हणजे आधी आपल्या नंबरचं दुसरं सिम घ्यावं लागतं. याच पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम चालू आहेत तेही दिसतं. मर्यादा नऊची आहे. आपण न घेतलेलं सिम यादीत दिसलं तर तिथूनच तक्रार करता येते.

आणि सिमला कुलूप लावता येतं, हे तर फार थोड्यांना ठाऊक. स्क्रीनचा पॅटर्न हे फोनचं कुलूप. चोर सिम काढून आपल्या फोनात घालतो, आणि तुमचे ओटीपी त्याच्या स्क्रीनवर. सिमचं कुलूप म्हणजे सिम पिन, एक आकडा. तो लावला असेल तर कार्ड दुसऱ्या फोनात तो आकडा मागतं. लावताना कंपनीचा मूळ पिन आधी विचारून घ्या. तीनदा चुकला की आठ आकडी पीयूके कोड लागतो, तोही दहादा चुकला की कार्ड कायमचं गेलं. अंदाजानं आकडे दाबायची ही जागा नाही.

इकडे काकांचं सिम नव्या फोनात बसलं, कांड्या आल्या. पोरानं दुसरी खाच दाखवली. "दुसरं सिम हाये काय, काकाजी?"

काकांनी पाकिटातून कागदाची पुडी काढली. आत आणखी एक कार्ड. "हे बंद हाये. सात-आठ महिन्यांपासून रिचार्ज नाही केला." मग थोडं थांबून, "आधारले हाच नंबर हाये मायावाला."

पोरानं पिन खाली ठेवली.  पीएम-किसानच्या हप्त्यासाठी लागणाऱ्या ई-केवायसीचा ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवरच जातो. नव्वद दिवस काहीच वापर नसला की कंपनी नंबर बंद करू शकते, आणि त्यानंतर आणखी किमान नव्वद दिवसांनी तो दुसऱ्या कुणाला देऊ शकते. म्हणजे काकांचे ओटीपी एव्हाना कुणा अनोळखी माणसाच्या फोनवर वाजत असतील.

"मंग आधार बंद पडलं काय?"

"नाही. आधार केंद्रावर जा, बोट टेकवा, चालू नंबर जोडून घ्या. जुन्यावर ओटीपी लागत नाही तिथं."

काकांनी पुडी पुन्हा पाकिटात ठेवली, मग काहीतरी आठवून बाहेर काढली आणि काउंटरवरच सोडली. "केंद्र किती वाजेलोग उघडं रायते?"