वाऱ्याच्या बोगद्यांतील मोटार

१९२१ सालीं बर्लिन येथें भरलेल्या मोटारींच्या प्रदर्शनांत एक विलक्षण गाडी मांडलेली होती. पाण्याच्या थेंबाचा जो आकार आपल्या कल्पनेंत असतो, तसा तिचा आकार. पुढें गोलसर आणि मागें निमुळता. पूर्वीं विमानें बांधणाऱ्या एडमंड रुम्प्लर या ऑस्ट्रियन इंजिनियरानें ती तयार केली होती. लोकांस ती फारशी रुचली नाहीं. अशा गाड्या सुमारें शंभरच झाल्या. त्यांतून उरलेली एक गाडी १९७९ सालीं फोल्क्सवागेन कंपनीच्या वाऱ्याच्या बोगद्यांत नेऊन उभी केली, तेव्हां तज्ज्ञही चकित झाले. वाऱ्याच्या विरोधाचा जो गुणांक त्या काळच्या सामान्य मोटारींत ०.४ ते ०.५ च्या दरम्यान असे, तो या अठ्ठावन्न वर्षांपूर्वींच्या गाडीचा अवघा ०.२८ भरला! बाजारास जें उमगलें नव्हतें, तें बोगद्यानें सांगितलें. मग हा बोगदा आहे तरी काय?

त्यामागील तत्त्व साधें आहे. नदीच्या प्रवाहांत रोंवलेल्या खांबाभोंवतीं पाणी जसें दुभंगतें, तसेंच तें संथ पाण्यांतून तोच खांब ओढीत नेला असतांही दुभंगतें. तेव्हां मोटार हवेंतून धांवली काय, किंवा मोटार उभी ठेवून हवा तिच्यावरून धांवविली काय, दोन्ही एकच. उभ्या मोटारीची परीक्षा मात्र निवांतपणें घेतां येते.

ही परीक्षा घ्यावी कशाला? वेग दुप्पट झाला कीं वाऱ्याचा रेटा चौपट होतो, आणि तो रेटा हटविण्यास लागणारी शक्ति आठपट होते. समोरून २.२ चौरस मीटर क्षेत्र दिसणारी, ०.३ गुणांकाची मोटार ताशीं ५० किलोमीटर वेगानें चालली असतां केवळ हवेशीं झगडण्यांत जवळजवळ दीड अश्वशक्ति खर्ची पडते. ताशीं १०० किलोमीटरला हाच खर्च साडेअकरा अश्वशक्तींवर जातो. हाच गुणांक ०.४ असता, तर तो आणखी एकतृतीयांशानें वाढता. पेट्रोलाचा हिशेब ठेवणाऱ्या गृहस्थास, किंवा बॅटरी एकदां भरून विजेची मोटार किती मजल मारील हें पाहणाऱ्यास, ही गोष्ट लहान नव्हे.

लहानशी प्रतिकृति करून काम भागणार नाहीं काय? कांहीं अंशीं भागतें. परंतु चतुर्थांश आकाराच्या प्रतिकृतीभोंवतीं हवा मूळ गाडीप्रमाणेंच वाहावी म्हणून वारा चौपट वेगानें सोडावा लागतो. ताशीं १५० किलोमीटरचे ६०० झाले, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या निम्म्याजवळ आपण येतों, आणि तेथें हवेचें वागणेंच पालटूं लागतें. शिवाय दारांच्या फटी, आरसे, इंजिन थंड करण्यासाठीं आंत शिरणारी हवा, हीं सारीं लहान प्रतिकृतींत हुबेहूब उतरत नाहींत. म्हणून खरी गाडीच तपासावी लागते.

जर्मनींत स्टुटगार्ट येथें प्राध्यापक वुनिबाल्ड काम यांच्या योजनेनें उभारलेल्या बोगद्यांत १९४३ सालीं पूर्ण आकाराच्या मोटारीचें मोजमाप झालें. इटलींत ट्युरिनजवळ ग्रुल्यास्को येथें पिनिनफारिना कंपनीनें १९७२ सालीं आपला बोगदा सुरू केला. या कंपनीची सूत्रें २०१६ सालीं मुंबईच्या महिंद्रा उद्योगसमूहाकडे आलीं. अशा बोगद्यांत अजस्र पंखा हवेस गति देतो. पुढें निमुळत्या होत जाणाऱ्या तोंडांतून ती वेगानें व एकसारखी बाहेर पडते. गाडीची चाकें जमिनीखालील नाजुक काट्यावर टेकलेली असतात. रस्त्यावर जमीन गाडीखालून मागें सरते. म्हणून तेथेंही गाडीखालीं फिरता पट्टा ठेवतात. धुराची बारीक रेघ सोडली म्हणजे हवा कोठें अंगास चिकटून जाते आणि कोठें सुटून भोंवरे करते, तें डोळ्यांस दिसतें.

काटा केवळ मागचा रेटाच नव्हे, तर गाडीस वर उचलणारा जोरही दाखवितो. १९९८ सालीं निघालेली आउडी टीटी ही गोलसर पाठीची मोटार दिसावयास मोठी देखणी होती. परंतु फार वेगांत तिचा मागील भाग हलका होई. जर्मनींत प्राणघातक अपघात झाले, तेव्हां कंपनीनें गाड्या परत बोलावून मागें लहानसा स्पॉयलर बसविला आणि इतरही फेरफार केले. डोळ्यांस सुंदर दिसणारी रेषा वाऱ्यास मानवेलच असें नाहीं.

तीच गोष्ट आवाजाची. वेग दुप्पट झाला म्हणजे वाऱ्याच्या आवाजाची शक्ति सुमारें चौसष्टपट होते. विजेच्या मोटारींत इंजिनाची घरघर नसल्यामुळें हा सोसाटा अधिकच जाणवतो. तो मोजावयाचा तर प्रथम बोगदाच मुका केला पाहिजे. म्हणून भिंतींस आवाज गिळणारीं सच्छिद्र अस्तरें लावतात. गाडींत माणसाच्या डोक्याचा पुतळा बसवून त्याच्या कानांत मायक्रोफोन ठेवतात. मग साऱ्या फटी चिकटपट्टीनें बुजवून एकेक पट्टी सोडीत जातात. कोणती पट्टी निघतांच आवाज वाढला, हें पाहिलें कीं चोर सांपडतो.

रुम्प्लरच्या गाडीचें सारेंच चांगलें होतें असें नाहीं. तिच्यांत सामानास जागा नव्हती, आणि इतर दोषही होते. बोगदा गाडीचे सर्व गुण सांगत नाहीं. परंतु वाऱ्यापुरता त्याचा निर्णय निःपक्षपाती असतो. रस्त्यावर ज्याची किंमत पैशानें, झोपेनें किंवा प्राणानें मोजावी लागते, तो दोष तेथें आधींच काट्यावर उमटतो.